शेतावर कामाला असतात

नागपूरला निघायचं होतं सकाळी सहाला. पण सुखीबाईने ऐन वेळी लोखंडी पेटी उघडली आणि अर्धा तास तिथेच गेला. बाहेर जीपवाला अमरसिंग हॉर्न वाजवत होता. ममता दोन्ही बॅगा तिसऱ्यांदा वजनकाट्याला टांगून बघत होती, आणि तिची याडी, म्हणजे आई, कमरेपर्यंत पेटीत वाकून फेटियाचा घागरा शोधत होती.

"लुगडंच राहू दे ना याडी," ममता म्हणाली. "पाच तास जीपमध्ये बसायचं आहे."

"रोजचं लुगडं रोजच्या कामाले. पोरगी येवढ्या दूर चालली, लोकायले कळलं पाह्यजे हे कोनाची हाये ते."

बोलणं अर्थात गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत. त्या घरात दुसरी भाषा फक्त टीव्ही बोलायचा.

शेवटी फेटिया सापडला, वरची कांचळी सापडली, आरशांची ओढणीही सापडली. ममताच्या लग्नानंतर पाच वर्षं ते कपडे पेटीतच होते. सुखीबाई आवरून बाहेर आली तेव्हा अंगणातल्या बाया हसल्या, दोघींनी कौतुकही केलं. ममता मात्र बॅगेची चेन उगाच उघडत-लावत राहिली. तिला आत्तापासूनच विमानतळाचं दार दिसत होतं आणि त्या दारातले लोक दिसत होते.

तिची ही भीती जुनी होती. अकरावीला यवतमाळच्या हॉस्टेलवर असताना सुखीबाई एकदा अशीच नटून भेटायला आली, तर मुलींनी खिडकीत गर्दी केली. एकीने अगदी गोड आवाजात विचारलं, "फोटो काढू का गं तुझ्या आईचा?" तेव्हापासून ममता आईला बसस्टँडवरच भेटायला जायची. हॉस्टेल लांब आहे, तू कशाला त्रास घेतेस, असं सांगायची. सुखीबाईला ते खरं वाटायचं, किंवा निदान खरं नाही असं तिने कधी म्हटलं नाही.

आता ममता सत्तावीस वर्षांची होती. एम.एस्सी. झालेली, कापसाच्या धाग्यावर पुढचं शिकायला जर्मनीतल्या ड्रेस्डेनला निघालेली, आणि एका मुलाची आई. ओम पावणेतीन वर्षांचा होता. इंद्रजीत, तिचा नवरा, आश्रमशाळेत शिकवायचा. त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही म्हणून आदल्या दिवशीच येऊन भेटून गेला होता. सगळं ठरवून झालं होतं. ममताने पुढे जायचं. तिथे पोचल्या पोचल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात मुलाबाळांसाठी जी दोन खोल्यांची घरं असतात, त्यातलं एक नावावर करून घ्यायचं. त्या घराचा कागद आला की ओमचा व्हिसा, आणि चैत्रात शाळेच्या परीक्षा संपल्या की इंद्रजीत ओमला घेऊन येणार. कागद नाही तर व्हिसा नाही. म्हणजे सहा महिन्यांत मूल पुन्हा कुशीत यायचं असेल, तर सगळं त्या एका कागदावर होतं. तोवर ओम आजीकडे.

ओमला यातलं काही माहीत नव्हतं. आई रोज सकाळच्या जीपने यवतमाळला जाते आणि दिवे लागायच्या आधी येते, हे त्याला पाठ होतं. आजची जीपही त्याला तशीच वाटली. कळंबला सुखीबाईने गाडी थांबवून चिंतामणीच्या दिशेने हात जोडले, तर त्यानेही जोडले, आणि मग ममताच्या मांडीवर झोपून गेला. नागपूर येईपर्यंत ममताने त्याच्या डोक्याखालचा हात हलवला नाही. हाताला मुंग्या आल्या तरी नाही.

*

विमानतळाच्या बाहेर दिपाली वाट बघत होती. त्याच विद्यापीठाला निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओळख झालेली. मारेगावची मुलगी, बावीस वर्षांची, घरी कपाशी-तुरीची शेती. सोबत तिचे वडील सदाशिवराव होते. ग्रुपवर ममताने स्वतःबद्दल एवढंच लिहिलं होतं: ममता, यवतमाळ. दारव्ह्याजवळचा तांडा नाही, लग्न नाही, ओम नाही. ग्रुपमध्ये सगळी विशीची पोरं. मधली चार वर्षं कुठे गेली असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, याचं उत्तर तिला सुचलं नव्हतं.

"तूच का व ममता? फोटोत त जाड दिसते!" दिपालीने तिचा हात धरून हलवला.

"हो, मीच. तुमचा प्रवास ठीक झाला ना?"

"बाप्पा, कशी बोलते पाय! पुण्याची आहे का तू?"

ममता हसली. जीप लांब उभी करायला लावून तिने तिथेच निरोप उरकला होता. ओमला उचलून घेतलं, त्याची मान हुंगली, बिस्किटाचा पुडा त्याच्या हातात दिला, आणि "आत कुणाला सोडत नाहीत, तुम्ही इथूनच निघा," असं सांगून बॅगा ओढत पुढे आली. सुखीबाईने मान हलवली होती. पण आत सोडत नाहीत म्हणजे दारापर्यंत येऊ नका असं नाही, एवढा हिशेब तिने सरळ केला. ओमला कडेवर घेतलेल्या अमरसिंगसोबत ती मागोमाग चालत आली. आरसे उन्हात चमकत होते. लोक वाट देत होते, आणि वाट दिल्यावर बघत होते.

तांड्यातली बाई पोरीला निरोप देते तेव्हा नुसतं "नीट जा" म्हणत नाही. ती गळ्यात पडते, डोकं खांद्यावर टेकते आणि सुरात रडते. जे काही बोलायचं राहिलेलं असतं, ते त्या सुरात बोलते. कुठल्या साली ताप आला होता, किती कोस चालून शाळेत सोडलं होतं, कोणती म्हातारी हे बघायला आता राहिली नाही. समोरचीनेही त्याच सुरात उत्तर द्यायचं असतं. बराच वेळ चालतं. मग दोघी डोळे पुसतात आणि चहा घेतात.

सुखीबाईने दाराशी, बंदूकवाल्या जवानाच्या समोर, ट्रॉल्यांच्या गर्दीत, ममताला मिठी मारली आणि सूर लावला.

पहिल्या क्षणी उत्तराचा सूर ममताच्या तोंडात आलाही होता. पण त्याच क्षणी तिला दिसलं, जीन्समधली एक बाई थांबली आहे. एका मुलाने मोबाईल काढला आहे. सदाशिवराव दुसरीकडे बघताहेत. आणि दिपाली, दोन हातांवर, सगळं ऐकते आहे.

"बस कर आता," ममता दात दाबून म्हणाली. "लोक बघताहेत."

आणि तिने गळ्याभोवतीचा एक हात सोडवला. मग दुसरा. "याडी" हा शब्द त्या वाक्यात तिने घेतला नाही. ओठांपर्यंत आलेला तिने गिळला, आणि आपण तो गिळला हे तिला तेव्हाही कळलं.

सूर मध्येच तुटला. सुखीबाईने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं आणि सदाशिवरावांकडे बघून, चूक झाल्यासारखी, उगाच हसली. अमरसिंगच्या कडेवर ओम बिस्किट खात होता. रोज सकाळी जीपला करायचा तसाच त्याने हात हलवला.

आत गेल्यावर, बॅगा दिल्यावर, दोघी खुर्च्यांवर टेकल्या तेव्हा दिपालीने विचारलं, "त्या कोण होत्या?"

ममताने पाण्याची बाटली उघडली. एक घोट घेतला. "आमच्या शेतावर कामाला असतात. लहानपणापासून आहेत, त्यामुळे जीव आहे त्यांचा."

"आणि तो लहाना?"

"त्यांचा नातू."

दिपाली तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अच्छा." आणि मोबाईल काढला.

त्यांचा नातू. हे तर खोटंही नव्हतं. दिल्लीपर्यंत ममता तेच मनात म्हणत होती. दिल्लीहून विमान उडालं, दिवे गेले, शेजारी दिपाली तोंड उघडं टाकून झोपली, तरी ममता तेच म्हणत होती. शाळेतही ती अशीच अर्धी खरी उत्तरं हुशारीने लिहायची. बाई लाल शाईने अर्धा मार्क द्यायच्या. इथे तेवढाही कुणी देणार नव्हतं. सोनेरी केसांच्या हवाईसुंदरीने जेवण आणलं, तर तिच्या मनात आलं, ओमला आज दुपारी कुणी झोपवलं असेल. आणि दिवे लागले तरी आई आली नाही म्हटल्यावर त्याने काय केलं असेल. ती उठली आणि विमानाच्या चिमुकल्या संडासात जाऊन उभी राहिली. रडायलाही आलं नाही. आरशात फक्त एक बाई दिसत होती, जिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. ते पर्समध्ये, रुमालात होतं.

*

फ्रँकफर्टहून रेल्वे. खिडकीबाहेर कापून ठेवलेली शेतं, एका रंगाची, एका उंचीची, धुऱ्यावर एक बोर नाही की बाभूळ नाही. डब्यात माणसं होती, पण आवाज नव्हता.

"एवढी शांतता त आमच्या गावात मयतीच्या घरीही नसते," दिपाली कुजबुजली. समोरच्या आजोबांनी पेपरच्या वरून बघितलं, तशी दोघी खिडकीकडे तोंड करून हसल्या. ममताला ती मुलगी आवडायला लागली होती, आणि तेच अवघड होत चाललं होतं.

ड्रेस्डेनला उतरल्या तेव्हा दुपार होती आणि थंडी नाकातून थेट डोक्यात जात होती. पिवळ्या ट्राम, काळ्या पडलेल्या दगडांचे उंच मनोरे, रुंद नदी आणि तिच्या काठाला नुसतं गवत. एवढी नदी शहरातून जाते आणि काठावर ना धुणं, ना म्हशी. रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी लोक सिग्नलच्या लाल माणसासमोर उभे होते. दिपाली पाय टाकणार, तोच शेजारच्या बाईने नकाराची मान हलवली. मग दोघीही रिकाम्या रस्त्यासमोर मुकाट उभ्या राहिल्या.

पण ममताला सगळ्यात आधी दिसली ती मुलं. तिने ठरवलं नव्हतं, नजर तिकडेच जात होती. सायकलच्या पुढच्या पेटीत बसलेली मुलं. बापाच्या छातीला बांधलेली मुलं. आणि नदीच्या पुलावर एक लाकडी हातगाडी, तिच्यात बाकांवर समोरासमोर बसलेली सहा पोरं, सगळ्यांना पिवळी जाकिटं, आणि गाडी ओढणारी पोरगेलीशी बाई काहीतरी गाणं म्हणते आहे. त्यातला एक ओमएवढा होता. त्याच्या नाकाला शेंबूड आला होता. ममताचा हात ओढणीकडे गेला. ओढणी नव्हती, जाकीट होतं.

"काय पाहून राह्यली?" दिपालीने विचारलं.

"काही नाही. गाडी छान आहे."

कुणी तिच्याकडे वळून बघत नव्हतं. या शहरात कुणाला तांडा ठाऊक नव्हता, दारव्हा ठाऊक नव्हतं. ज्यांची तिला आयुष्यभर धास्ती वाटली, त्यांच्यातलं इथे एकच माणूस होतं, आणि ते तिची जड बॅग ओढत पुढे चाललं होतं.

*

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या ऑफिसात नवीन मुलांना बोलावलं होतं. कापलेल्या पांढऱ्या केसांच्या एका बाईने इंग्रजीत सगळं समजावलं. कचरा कसा वेगळा करायचा, कपडे कुठे धुवायचे. मग म्हणाली, "कुणाची मुलं सोबत आली असतील किंवा पुढे येणार असतील, तर दोन खोल्यांची घरं आहेत. या घटकेला दोनच शिल्लक आहेत. ज्यांना हवी त्यांनी आजच्याच अर्जात लिहा. पहिला येईल त्याला."

ममता खुर्चीत पुढे सरकली. हाच तो कागद.

अर्ज टेबलावर होता. दिपालीने आपली खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटवली. एकमेकींचं बघून भरायचं असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं. दिपाली एकेक रकाना मोठ्याने वाचत होती. "नाव. जन्मगाव. तू यवतमाळ लिही, मी मारेगाव. यायले वाचताच येनार नाही." मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"मुलं?" तिने वाचलं.

ममताने पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"ममता. मुलं आहेत का, विचारून राह्यले."

"हो" लिहिलं तर पुढची ओळ नावाची होती. नावापुढे जन्मतारीख. मग नागपूरचा "त्यांचा नातू" उघडा पडला असता, आणि नातवामागून आजी.

"नाही," ममता म्हणाली.

"पेनानं लिहायचं आहे हे," दिपाली म्हणाली. ती हसत नव्हती. "इचार करून लिही."

ममताला वाटलं, चेष्टा करते आहे. तिने "नाही"च्या चौकटीत फुली मारली. पेन घट्ट दाबलं गेलं, कागदाच्या मागच्या बाजूला फुली उमटली. अर्ज त्या बाईच्या हातात देताना तिने स्वतःला सांगितलं, उद्या एकटीच येईन आणि बदलून घेईन. काय, एक फुली तर आहे.

उद्या बँकेत जायचं होतं, आणि बँकेत दिपाली सोबत होती. परवा पत्त्याची नोंदणी, तिथेही दिपाली. एकीला रस्ते लक्षात राहायचे, दुसरीला नावं, त्यामुळे दोघींना एकमेकींशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. मग शनिवार-रविवार. सोमवारी ममता डोकं दुखतं सांगून मागे राहिली आणि त्या ऑफिसच्या दारापर्यंत गेली. आत रांगेत ग्रुपमधली दोन मुलं उभी होती. ती परत फिरली.

रोज संध्याकाळी इंद्रजीतचा मेसेज यायचा. "खोलीचं झालं का?" ती लिहायची, "चालू आहे प्रोसेस." तो अंगठा पाठवायचा. त्या अंगठ्याकडे तिला बघवत नसे.

मंगळवारी पहिलं लेक्चर झालं. तिसऱ्या ओळीत एक मुलगी छातीला बाळ बांधून बसली होती. बाळाच्या हातातलं खेळणं खाली पडलं, घरंगळत फळ्यापर्यंत गेलं. प्राध्यापकांनी बोलता बोलताच ते उचललं, नेऊन दिलं आणि धाग्याच्या ताणाबद्दल पुढे बोलू लागले. कुणी हसलं नाही, कुणी वळलं नाही. ममताने त्या तासाचं एक अक्षर उतरवलं नाही. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मलाही आहे, मलाही. ज्या गोष्टीची इथे कुणाला लाज नव्हती, ती आपण चौकटीत फुली मारून नाकारली. आणि तीही कुणापुढे, तर आपल्याच जिल्ह्याच्या एका पोरीपुढे.

*

नवव्या दिवशी दुपारी दोघी सामाईक स्वयंपाकघरात होत्या. ममता कणीक मळत होती, दिपाली टेबलावर कांदा चिरत होती. एरवी ममता घरचा फोन आपल्या खोलीत दार लावून, कानात घालून घ्यायची. आज फोन टेबलावर पडला होता आणि तिचे हात कणकेत होते. पडद्यावर "घर" आलं.

"राहू दे, मी नंतर..." ममता म्हणेपर्यंत दिपालीने बोट सरकवलं होतं.

"हात भरले तुये. मी धरतो."

पडद्यावर आधी टिनाचं छप्पर दिसलं, मग एक कान, मग अर्धं कपाळ.

"कोन व तू?" सुखीबाईने मराठीत विचारलं. "ममता कोठी हाये?"

"आहे इथंच, पोळ्या करून राह्यली. मी दिपाली, मारेगावची. पाया पडतो याडी."

ममताचे हात कणकेत थांबले.

"मारेगावची? मंग त आपलीच निंघाली तू! काय व माय, आमची पोरगी खाते का नाही?"

"खाते ना. सोताच्या हातच्या पोळ्या खाते."

"तिच्या पोळ्या? पापड म्हन त्यायले."

दिपाली खळखळून हसली. "तुमाले पाह्यलं होतं मी, नागपूरले. विमानतळावर."

"हाव का?" सुखीबाईचा चेहरा आता पडद्यावर नीट आला. ती थोडी ओशाळली. "मंग मायं रडनं आयकलंच असन तुनं. माया पोरीले नाही आवडत ते. आता नाही रडत म्या फोनवर, पाह्यतेस ना? हे पाह्य, ओम. ओम, याडीले सांग काय खाल्लं त."

ओमने पडद्याला नाक लावलं. दिपालीकडे बघितलं. "ही नाही," तो म्हणाला. "दुसरी याडी."

दिपालीने फोन फिरवला आणि ममताच्या तोंडासमोर धरला. हात लांब करून, स्वतः खिडकीकडे बघत, फोन संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. ममता काय बोलली ते तिचं तिलाच नंतर आठवलं नाही.

फोन बंद झाला. दिपाली पुन्हा कांदा चिरायला लागली.

"तुला माहीत होतं," ममता म्हणाली.

"हाव."

"कधीपासून?"

"कधीपासून काय? आमच्या वावराले लागून तांडा आहे ममता. गोर बाया पोरीले कशा रडते, हे मले माहीत नसन का? मारेगावची आहो मी, लंडनची नाही." ती सुरीकडे बघूनच बोलत होती. "कामावरची बाई तशी नाही रडत. ते रडनं पोटच्या पोरीसाठी असते. आन त्या पोट्ट्याचं नाक त हुबेहूब तुयं."

"मग बोलली काहून नाही?" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ममताच्या तोंडून घरचा शब्द निघाला.

"काय बोलू? तू खोटी आहे म्हनू? मले तुयी लाज वाटली. मंग वाटलं, सांगन आपलीच. अर्जाच्या दिवशी त मी दोनदा विचारलं. तरी तू फुली मारली." दिपालीने सुरी खाली ठेवली. "आमच्या घरी खरंच आहे एक बाई कामाले. रुपीबाई. मले न्हाऊ घातलं तिनं लहानपनी. तिले यायचं होतं नागपूरले. गाडीत जागा होती. पन बाबानं नाही आनलं. म्हनून तू म्हनली ना कामावरची, तेव्हाच समजलं. कामावरच्या बाईले कोनी विमानतळावर आनत नाही व."

ममताच्या बोटांवरची कणीक वाळून ताणायला लागली होती. ती तिने पुसली नाही. तिने आईला जी जागा दिली होती, त्या जागेवरच्या माणसाला गाडीतही जागा मिळत नाही, हे तिला दिपालीकडून कळावं लागलं.

"जा ना आता तरी," दिपाली म्हणाली. "ऑफिस चारपर्यंत असते."

*

पांढऱ्या केसांच्या बाईने तिचा अर्ज शोधून काढला. "दोन्ही घरं गेली," ती म्हणाली. "एक त्याच दिवशी, दुसरं सोमवारी."

सोमवारी. म्हणजे ममता दारातून परत फिरली त्या दिवशी.

"आता नाव लिहिलं तर?"

"यादीत एकोणिसाव्या नंबरवर याल. बहुतेक पुढच्या ऑक्टोबरला, कदाचित त्याही नंतर." बाईने अर्जावरच्या फुलीवर बोट ठेवलं. "इथे 'नाही' लिहिलं आहे. का?"

"मला लाज वाटली," ममता म्हणाली.

"मुलाची?"

ममताने नकाराची मान हलवली. बाई थांबली. इथली माणसं थांबतात. पण सांगायचं तर नागपूरच्या दारापासून सांगावं लागलं असतं, त्याच्याही आधीच्या हॉस्टेलच्या खिडकीपासून, आणि मागे रांग होती. तिने नवीन अर्ज ओढला आणि लिहिलं. ओम. जन्मतारीख. आई: ममता. अक्षर नीट आलं, पण उशिरा आलं.

इंद्रजीतला तिने आधी सांगितलं. त्याने पुढच्या ऑक्टोबरपर्यंतचे महिने मोठ्याने मोजले. मग म्हणाला, "मी ओमला समजावीन. याडीला मी सांगणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत बसून तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं. चैत्रात ओम येणार नाही, हे सांगितलं. का येणार नाही, हेही सांगितलं. विमानतळावरचं वाक्य जसं बोलली होती तसं, शब्दाला शब्द सांगितलं. ते सांगताना गोरबोलीत त्याला शब्दच सापडेना, म्हणून मराठीतच सांगितलं.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. सुखीबाईने सोयाबीनवरची एक कोंबडी हाकलली. मग म्हणाली,

"शेतावरची म्हनलं?"

"हाव."

"पगार किती सांगतला मंग माया?"

ममताला वाटलं, ती हसेल. सुखीबाई हसली नाही.

"याडी, मायं चुकलं..."

"चुकलं त चुकलं. मले काय, म्या तुया शेतावर, तुया घरावर, जलमभर कामच केलं. मले त्याचं नाही वाटत." तिने पदर कमरेला खोचला. "या पोराचं वाटते. दुसऱ्या दसऱ्यापर्यंत चार वर्साचा होईन हा. तवा मलेच याडी म्हनाले लागला, त मंग मले बोल नको लावू." जरा थांबून ती म्हणाली, "तुया आवाज काहून घुमून राह्यला? दार लावून बसली का?"

ममताने बंद दाराकडे बघितलं.

"मायासंग बोलाले दार लावते?"

ममता उठली आणि तिने दार उघडलं. सताड उघडलं, खालून जोडा अडकवून ठेवला. बाहेरच्या लांब व्हरांड्यातून कुणीतरी गेलं, स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला.

"ओम!" सुखीबाईने तिकडे हाक मारली. "ये रे, याडी हाये फोनवर." ओम आला नाही. "थांब, धरून आनतो त्याले," असं म्हणून तिने फोन माठाला टेकवून ठेवला आणि ती गेली.

पडद्यावर अंगण राहिलं. ताडपत्रीवर सोयाबीन वाळत होतं. एक कोंबडी त्यात शिरली, टोचत राहिली, तिला हाकलायला कुणी आलं नाही. लांबून सुखीबाईचा आवाज येत होता, आणि तिच्यापुढे पळणाऱ्या पावलांचा.

शेजारच्या खोलीतली मुलगी कपड्यांची टोपली घेऊन चालली होती. उघडं दार बघून थांबली. फोनमधलं अंगण बघून तिने सहज विचारलं, "कोणाशी बोलतेस?"

"माझ्या मुलाशी," ममता म्हणाली. "येईल आत्ता."

मुलगी हसली आणि तिने पडद्यात वाकून बघितलं. पडद्यावर कुणीच नव्हतं. ममताने फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला.